मुकादमाचा पहिला वाटा

आबांशी कुणाचीही ओळख झाली, की चहा यायच्या आत ते सदरा वर करायचे. पुढे कोण बसलंय, बाई आहे की माणूस, तलाठी आहे की भाजीवाला, हे बघायची त्यांची पद्धत नव्हती. उजव्या बरगडीखालून बेंबीकडे गेलेला टाक्यांचा लांबलचक व्रण दाखवायचा, त्यावरून तळहात फिरवायचा आणि म्हणायचं, "बघा. हितं तळं व्हतं, तळं! साऱ्या जिल्ह्याला टँकर लागू राह्यला व्हता, आन् माझ्या काळजात पाणी साठलं व्हतं."

ऐकणारा दचकायचा, मग हसावं की हळहळावं हे न कळून चहाकडे बघत बसायचा. आबा मात्र खूश. सदरा खाली करत ते पुढचा प्रश्न टाकायचे, "तुमच्यात कुत्रं हाय का?"

आता आबा नाहीत. पिकलं पान होऊन, झोपेत गेले. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत त्या व्रणाचीच काळजी करत बसाल. त्यांनी इतकं हसवलेलं आहे की त्यांच्याबद्दल लांब चेहरा करून लिहिणं मला जमणारच नाही.

मी तेव्हा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होतो. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, गोळ्या देणं आणि बैल लाथ झाडत असेल तर तो पाय धरणं, हे माझं काम. दवाखान्यात खऱ्याखुऱ्या डॉक्टर मॅडम होत्या. पण आबा मला 'डाक्टर' म्हणायचे आणि मॅडमना नुसतं 'बाई'. मॅडम मनातून चिडायच्या. मी कधी दुरुस्ती केली नाही, कारण असा मान घरी मिळत नव्हता. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मला कुत्र्यांची भीती वाटते. मारक्या बैलाच्या मागे मी खुशाल उभा राहीन, पण कुत्र्याने जांभई द्यायला तोंड उघडलं तरी पाय खुर्चीवर घेतो. जनावरांच्या दवाखान्यात नोकरी आणि हा स्वभाव, म्हणजे काय फजिती होत असेल ते तुम्हीच ओळखा.

ती सलग दुष्काळाची वर्षं होती. शहराला अजून सगळे औरंगाबादच म्हणत. पिशोरच्या बाजूच्या माळांवर गवताची काडी उरली नाही, तसे आबा मेंढरं, घोडं आणि बिऱ्हाड घेऊन शहराकडे सरकले. शहरही बाहेर सरकत होतंच. दोघांची गाठ पडली ती आमच्या पुंडलिकनगरच्या पलीकडच्या मोकळ्या प्लॉटांवर. अर्धी घरं उभी, अर्ध्यांचे नुसते पाये, मधे वाळूचे ढीग, आणि त्या ढिगांवर चढून बसलेली मेंढरं, असं ते दृश्य होतं.

आबांना शहर फार आवडलं. बांधकामावरचे लोक हौदातलं पाणी द्यायचे, भाजीवाल्या कोबीची वरची पानं द्यायच्या. "डाक्टर, हितं माणसं पाला फेकून देत्यात! गावाकडं सांगितलं तर खोटं म्हणतील," असं ते इतक्या आनंदाने सांगायचे की जणू कोबीचा शोध पुंडलिकनगरातच लागला.

आमची ओळख झाली ती माझ्या दारात. एका संध्याकाळी त्यांनी कडी वाजवली आणि माझ्या बायकोला विचारलं, "ताई, रातच्याला तुमच्यात मेंढरं बसवू का? फुकट बसवतो." खेड्यात शेतकरी मेंढपाळाला विनवून आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो, लेंड्यांचं खत मिळावं म्हणून. आबा मोठ्या मनाने आले होते. आमचं रान म्हणजे फाटक आणि पायरी यांच्यामधल्या चार कुंड्या. बायकोने दार लावून घेतलं. पण पावसाळा येईपर्यंत आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया घमेली घेऊन लेंड्या गोळा करायला जाऊ लागल्या होत्या, आणि सगळ्यांच्या पुढे माझी बायको. त्या वर्षी आमच्या गुलाबांना आलेली फुलं दाखवून दाखवून तिने नातेवाइकांना बेजार केलं.

आबांचा कुत्रा होता मुकादम. काळा, उंच, एक कान फाटलेला. नाव अगदी शोभायचं. मेंढरं चरत असताना तो उंचवट्यावर बसून सगळ्यांवर नजर ठेवायचा, आणि एखादं रेंगाळलं तर नुसता उभा राहायचा. तेवढ्याने काम व्हायचं. आबांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मेंढरांबरोबर असायचा, पण तो अबोल. त्यामुळे आबा बोलायचे ते मुकादमाशी. जेवायचे त्याच्याबरोबर, एकाच ताटलीत. सकाळी मुकादम त्यांचं तोंड चाटून काढायचा. मी शहारलो की म्हणायचे, "तोंड धुऊन देतो त्यो माझं. पाणी वाचतं, डाक्टर."

त्यांच्या घरात एक रीत होती. मेंढरू कापलं, की पहिला वाटा कुत्र्याचा. कच्चाच, तिथल्या तिथे. कुत्रं खाईपर्यंत माणसाच्या ताटात काही पडायचं नाही, मग पाहुणा कितीही मोठा असो. "लांडगा आला तर पुढं कोण जातं? तुमी जाता का?" आबा विचारायचे. मी अर्थातच जात नाही. "मंग? पहिला घास त्याचाच."

आणि इथेच गोष्ट अडायची. काळीज, म्हणजे यकृत, चिरताना कधीकधी त्यावर पाण्याने भरलेले पांढरट फोड दिसतात. माणसं तो भाग खात नाहीत. आबा नेमका तोच मुकादमाला द्यायचे, आणि तो नकोसा म्हणून नव्हे. उन्हाळ्यात ते मुद्दाम फोड असलेला तुकडा शोधायचे. "उन्हानं जीव सुकतो त्याचा. ह्यात वलावा असतो," असं म्हणायचे. आईने आजारी लेकरासाठी वरची साय काढून ठेवावी, तसं ते त्या फोडांना जपून काढायचे.

मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. एकदा मेंढ्यांच्या खुरांना औषध न्यायला आबा दवाखान्यात आले असता मॅडमनी त्यांना बाकावर बसवून समजावलं. "आबा, त्या फोडात किड्याची पिल्लं असतात. कुत्र्याने ती खाल्ली की त्याच्या आतड्यात किडे होतात. कुत्र्याला काही होत नाही, पण किड्यांची अंडी त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. गवताला लागतात, ते मेंढी खाते. कुत्र्याच्या केसांना लागतात, जिभेला लागतात, तिथून तुमच्या हाताला आणि तोंडात. मग तुमच्या काळजात असाच फोड वाढतो. तुम्हा मेंढरंवाल्यांना याचा सगळ्यात जास्त धोका. मुकादमाला गोळी द्या आणि कच्चं देणं बंद करा."

आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग आदराने म्हणाले, "बाई, मुकादम एकदम ठणठणीत हाय. आजारी पडला की आणतो." आणि गेले.

पुढच्या वर्षी आबांचं पोट उजवीकडून वाढायला लागलं. आधी सगळ्यांनी चेष्टा केली, की शहराची कोबी मानवली. ते स्वतःही गल्लीत पोटावर थाप मारत सांगायचे, "आता मला बी हितं प्लॉट घ्यावा लागणार." पण मग वाकताना दुखायला लागलं, जेवण जाईना. मुलगा त्यांना मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. सोनोग्राफीत काळजामध्ये नारळाएवढी पाण्याची पिशवी दिसली. डॉक्टर म्हणाले, ही आजकालची नाही, वर्षानुवर्षं वाढत आलेली आहे. आणि त्यांनी लगेच विचारलं, "घरी कुत्रा आहे का?"

मी भेटायला गेलो तेव्हा आबा खाटेवर बसून शेजारच्या पेशंटला हसवत होते. "साहेबाला म्हनलं, पाणी काढाल तर फेकू नका. दुष्काळ हाय. मेंढरांना पाजू." पण ते साहेब हसले नव्हते, हेही त्यांनीच मला हळूच सांगितलं. त्यातला एक थेंबही पोटात सांडता कामा नये, नाहीतर जिवावर बेतेल आणि वाचलाच तर आत नवी तळी होतील, असं साहेबांनी बजावलं होतं. आबा तेवढ्याने घाबरले नाहीत. ते घाबरले साहेबांच्या पुढच्या प्रश्नाने.

"घरात लहान मूल आहे का?"

मूल होतं. आदल्याच दिवशी पिशोरला, सुनेच्या माहेरी, त्यांना नात झाली होती. पेढा खिशात होता. तो त्यांनी मला दिला.

ऑपरेशन चांगलं झालं. पुढे बरेच दिवस गोळ्या घ्याव्या लागल्या, पण माणूस उठला, चालायला लागला आणि व्रण दाखवायला लागला. ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही दाखवायला लागला. गुलमंडीत कापड घ्यायला गेले तर दुकानदाराला दाखवला, आणि म्हणे त्याने घाबरून धोतराचा भाव कमी केला.

हे सगळं ठीक होतं, पण नात येईना. सुनेने नवऱ्याबरोबर निरोप धाडला: कुत्रं जोवर बिऱ्हाडात आहे, तोवर मी लेकरू घेऊन येणार नाही. आबांनीही तिकडे यायचं नाही, आले तर लांबून बघायचं. खरोखरच एकदा ते गेले, तर तिने ओसरीवरून लेकराचं तोंड दाखवलं आणि आत नेलं.

म्हणून एका सकाळी बापलेक मुकादमाला साखळी बांधून दवाखान्यात आले. मी टेबलाच्या पलीकडे गेलो.

"ह्याला लांब नेऊन सोडतो," मुलगा म्हणाला. तो महिन्यात एखादं वाक्य बोलायचा आणि ते हे निघालं.

"म्या खाऊ घातलं, त्यानं खाल्लं," आबा म्हणाले. "गुन्हा माझा, अन् हद्दपारी त्याला?"

"मंग लेकरू नाय यायचं," मुलगा म्हणाला.

आबांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "सूनबाईचं बरोबर आहे." खरं सांगतो, मनातून मीही सुनेच्याच बाजूचा होतो. "पण याला सोडून काही होणार नाही. उद्या दुसरा कुत्रा आणाल, त्यालाही तेच काळीज घालाल. आबा, बदलायचं ते तुम्हाला. ठरलेल्या वेळेला गोळी. कच्चं अजिबात नाही. फोड असलेलं काळीज खोल खड्ड्यात पुरायचं. तोंड चाटू द्यायचं नाही. जेवायच्या आधी साबणाने हात."

"आन् पहिला वाटा?"

"तो तुमचा तुम्ही बघा. मला फक्त शिजलेला हवा."

त्या दिवशी मुकादमाला भाकरीच्या गोळ्यातून पहिली गोळी दिली. त्यानंतर त्याला बांधून ठेवायचं आणि जे बाहेर पडेल ते जाळून पुरायचं होतं. आबा फावडं-घमेलं घेऊन त्याच्या मागे मागे, साहेबाच्या मागे चपरासी असावा तसे. गल्लीतली पोरं बघायला जमली. "लांब व्हा," आबा ओरडायचे, "मुकादम अटकेत हाय!"

चाटणं थांबवणं मात्र दोघांनाही जड गेलं. सकाळी मुकादम सवयीने जवळ यायचा. आबा पंजा आडवा धरायचे. "नाय रे. कायदा बदलला." मुकादम थोडा वेळ तसाच उभा राहायचा, मग लांब जाऊन पाठ करून बसायचा. मला कुत्र्यांची भीती वाटते, पण तेव्हा मला त्या कुत्र्याचं वाईट वाटलं.

अशीच गोळी पुन्हा दिली, पुन्हा दिली. मग निरोप आला. नातीचं जावळ काढायचं होतं, मेंढरू कापायचं होतं, पिशोरला व्याह्यांच्या रानात जेवण होतं. आणि सुनेचा हुकूम होता की मुकादमालाही आणा. बापलेक सांगतात ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय, असं तिचं म्हणणं.

"डाक्टर, साक्षीला चला," आबा म्हणाले. मुलगा मुकादमाला घेऊन टेंपोतून गेला, आम्ही दोघं एसटीने. वाटेत कंडक्टरने व्रण बघितला आणि तिकीट द्यायचं विसरला. आबांनी मागून घेतलं.

रानात कडुनिंबाखाली भावकी जमली होती. मेंढरू कापलं. काळजावर फोड होतेच. आबांनी तो भाग उचलला, जरा वेळ हातात धरला, आणि स्वतः खणलेल्या खड्ड्यात टाकून माती लोटली, वर दगड ठेवले. मग मटणाचा चांगला तुकडा निवडून एका लहान भगुन्यात मुकादमासाठी वेगळा शिजत लावला. हे सगळं होईपर्यंत माणसांचं मटण शिजून तयार होतं. वास असा सुटला होता की माझ्यासारख्या सरकारी माणसाचाही धीर सुटत चालला होता.

"वाढा की रे," आबांचे चुलते म्हणाले. फार वयस्कर, दात नाहीत, पण भूक शाबूत.

"मुकादमाचं शिजलं नाय अजून," आबा म्हणाले.

"कुत्र्याला शिजवून? उद्या त्याला पाट मांडशील!"

"आधी आपण जेवू, मंग त्याला देऊ," कुणीतरी तोड काढली.

"पहिला वाटा त्याचा. ते माझ्या बापानं मोडलं नाय. कच्चा देणार नाय. ते म्या सुनंला कबूल केलं हाय."

आता काय करणार? भावकी उठली. माणसांच्या चुलीतली जळती लाकडं ओढून मुकादमाच्या चुलीत घातली. लग्नात रुसून बसणारे मानकरी पाळीपाळीने गुडघ्यावर बसून कुत्र्याच्या भगुन्याखाली फुंकर घालू लागले. चुलते काठी टेकत येऊन झाकण उघडून बघायचे आणि "अजून कडक हाय" म्हणून शिव्या घालत परत जायचे. मी इतका हसलो की डोळ्यांत धूर गेला असं सांगावं लागलं.

शेवटी शिजलं. दोघांनी टोप्यांनी वारा घालून गार केलं. आबांनी ताटली मुकादमापुढे ठेवली. सगळे भोवती उभे.

मुकादमाने हुंगलं आणि मान फिरवली.

जन्मभर कच्चं खाल्लेला प्राणी तो. हे पांढरं पडलेलं काय आहे ते त्याला कळेना. आबांनी चुचकारलं, ताटली सरकवली, तुकडा हातात धरला. मुकादम पाठ करून बसला. हसणं हळूहळू थांबलं.

"बाबा," मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, "येक कच्चा तुकडा टाका. एवढासा. आज सुटू द्या पंगत."

"एक दिवसानं काय व्हतंय?" चुलते म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या. सून झोपडीच्या दारात लेकरू कडेवर घेऊन उभी होती. ती नुसती आबांच्या हातांकडे बघत होती.

उरलेल्या कच्च्या मटणाची परात आबांच्या हाताच्या अंतरावर होती. एवढ्या माणसांची भूक होती, वडिलांचा मान होता, आणि पाठ करून बसलेला त्यांचा मुकादम होता. आबांनी परातीकडे बघितलं, मुकादमाकडे बघितलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले.

"नाय," ते म्हणाले. "तुमी जेवा सगळे. घ्या वाढून. म्या नाय जेवत. त्यो खाईल तवा खाईन."

पण आता कुणी जेवेना. घरचा कर्ता माणूस कुत्र्यापुढे उपाशी बसलाय म्हटल्यावर घास कुणाच्या घशाखाली जाणार?

तेव्हा सून पुढे आली. लेकरू तिने आपल्या आईकडे दिलं. टोपलीतली भाकरी घेऊन ताटलीत कुस्करली, मोठ्या भगुन्यातल्या रश्श्याचे दोन डाव त्यावर ओतले आणि ते मटणाच्या तुकड्यांसकट कालवलं.

"असं कोरडं कोण खाईल, मामा?" ती म्हणाली. "म्या बी नसतं खाल्लं."

मुकादमाचा फाटका कान हलला. तो उठला, वळला, त्याने हुंगलं, एक घास घेतला. आणि मग जी ताटली चाटायला लागला की ताटली रानभर सरकत गेली. एकच आरडाओरडा झाला. "खाल्लं! खाल्लं! बसा रे!" चुलते सगळ्यांच्या आधी बसले. मी त्यांच्या शेजारी जागा धरली.

आबा पंगतीकडे येऊ लागले तशी सून आडवी आली. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि साबणाची वडी. त्या रानात पाणी टँकरचं, पिंपात मोजून वापरायचं.

"हात," ती म्हणाली.

आबांनी हात पुढे केले. ती धार धरत राहिली, ते चोळत राहिले.

"नखं."

त्यांनी नखं घासली.

"मनगटं."

तिची आई पिंपाकडे बघत होती. तांब्या रिकामा झाला. सुनेने दुसरा भरून आणला आणि तोही त्या दोन हातांवर रिता केला. मग तिने आईच्या कडेवरून लेकरू घेतलं आणि आबांच्या ओल्या हातांवर ठेवलं.

आबांना हात पुसायलाही सुचलं नाही. धोतराला पुसले असते तर पुन्हा धुवावे लागले असते, असं त्यांना वाटलं असेल. कोपरं लांब धरून ते ताठ उभे राहिले. पंगतीतून चुलते ओरडत होते, "अरे बस की जेवायला!" ते त्यांना ऐकूच गेलं नाही. त्यांच्या मिशीवरून की बोटावरून, एक थेंब लेकराच्या गालावर पडला. लेकरू खुदकन हसलं. आबा घाबरून सुनेकडे बघत म्हणाले,

"साबण तर नाय ना लागला तिला?"

"नाय, मामा," सून म्हणाली. "धरा तुमी."